पाझर तलावावरचं गुटगुटीत पोर

९ फेब्रुवारी १९७३
ही डायरी गेल्या सालची, खताच्या कंपनीची. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात, तेवढं बास. तंबूवाले शेठ सिनेमाचं मशीन आणि पडदा ट्रकात घालून मनमाडकडे गेले तेव्हा सामानातून ही गळाली, आणि ट्रकात जागा नाही म्हणून मीही गळालो. शेठचा दोष नाही. पिक्चरला माणूसच येत नव्हता. पाथर्डीकडचा सगळा मुलूख दुष्काळी कामावर, कोण खडी फोडतंय, कोण माती वाहतंय. मारामारीचा पिक्चर लावला तरी समोर दोन कुत्री.

मी मूळचा कोपरगावचा. तिकडे पाटाला पाणी आहे, पण घरी जायचं नाही. नगर गाठायचं, मग बघू. वाटेत चिंचखोरीच्या पाझर तलावाच्या कामावर पाणी प्यायला थांबलो. टँकरपाशी एक नवी पाटी ठोकली होती, भोवती बाया. मी मोठ्यानं वाचली, "बालपोषण केंद्र. पंचायत समितीच्या खर्चाने."
"म्हंजी काय देनार?" एकीनं विचारलं.
"पोरांना खायला."
"आन आमाला?"
"तुम्हांला पाटी."
हसल्या. मागे एक सायकलवाले साहेब उभे होते, तेही हसले. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, पालवे साहेब. म्हणाले, शिकलास किती? म्हटलं सातवीपर्यंत. नापास झालो ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

११ फेब्रुवारी
नोकरीला लागलो. चार दिवसांसाठी. साहेबांना तसं बोललो नाही.

सोसायटीची एक पडकी खोली आहे, तिथे सुकडीची पोती. गहू, शेंगदाणे भाजून दळून त्यात गूळ घातलेला असतो. नगरहून तयार येते. पंजरीसारखी लागते. मूठभर खाल्ली, मग अजून मूठभर. सकाळी पोरांना सुकडी आणि पावडरीचं दूध वाटायचं, शनिवारी वजनं करायची. काट्यावर कमी भरेल त्याला सुकडी. काट्यावर साहेबांनी वयाप्रमाणे रेघा मारल्यात, पोर आपल्या रेघेच्या वर गेलं की नाव कापायचं, म्हणजे दुसऱ्या पोराला जागा.

साहेबांनी खोलीची किल्ली दिली. "अंगावरून काढायची नाही. उंदीर, मुकादम आणि गाव, तिघांपासून जपायचं."
करदोट्यात ओवली. कुशीवर वळलो की टोचते.

१७ फेब्रुवारी
आज पहिली वजनं. ताणकाटा बाभळीला टांगला, हुकाला लुगड्याची झोळी. एकही बाई पोर द्यायला तयार नाही.
"शेंगाचं पोतं हाय का लेकरू?"
"मोजल्यालं लेकरू घटतंय."
शेवटी बायडाबाई पुढे आली. ही म्हातारी. हिच्यानं आता टोपलं उचलत नाही, म्हणून बायांची पोरं बाभळीखाली सांभाळते. तिनं खडीचा एक तुकडा झोळीत टाकला आणि त्यावर पोर ठेवलं. "नुसतं लेकरू तोलू न्हाई. दृष्ट लागती. संगं दगूड असला की कुनाचं काय भरलं कुनाला कळत न्हाई."
"मग साहेबांना काय सांगू?"
"साहेबाला सांग, दगडासकट लेकरू."
मग सगळ्याच आयांनी आपापला दगड आणला. मी चालवून घेतलं. सगळ्यांच्याच वजनात दगड आहे, तर फरक काय पडतो?

पोरं म्हणजे नुसत्या काड्या. एकच पोर बघून बरं वाटलं. राहीबाईचा गहिनीनाथ, दोन वर्षांचा असेल. गाल फुगलेले, हातपाय भरलेले, पोट नगाऱ्यासारखं. केस उन्हानं तांबूस झालेत, साहेबाच्या पोरासारखे. शहाणाही किती. बाकीच्यांनी रडून माळ उठवला. हा रडत नाही, हसत नाही, काही मागत नाही. पावलावर अंगठा दाबला तर खळी पडली आणि तशीच राहिली, भिजल्या कणकेत बोट रुतावं तशी. मला मौज वाटली, चार-दोन खळ्या पाडल्या. त्यानं नुसतं बघितलं.

"तुमच्याकडं पोटभर मिळतं वाटतं," मी राहीबाईला म्हटलं. तिच्या कडेवर दुसरी, तान्ही पोरगी.
"कशाचं, भाऊ. लाल जोंधळ्याची आंबील पितो. ही पोटात राहिली आन त्याचं दूध तुटलं." मग जरा मान वर करून, "पन अंगानं बरा हाय माझा."
मालक भिमाजी कोपरगावकडे ऊसतोडीला गेलाय. मी तिकडचा म्हणून तिनं विचारलं, तिकडं गहू मिळतो का हो खायाला?

गहिनीचा काटा रेघेच्या वर गेला. मी नाव कापलं. राहीबाईनं झोळीतला दगड काढून घेतला आणि लांब भिरकावला.

२६ फेब्रुवारी
चार दिवसांचे किती झाले. आज निघायचं ठरवलं होतं. पण किल्ली कोणाला द्यावी? कामावरचा मुकादम आसाराम म्हणाला, "दे की माझ्याकडं, तुझ्या जिवाला कशाला घोर." त्याच्या दारात म्हैस आहे, आणि असल्या दुष्काळात ती चमकते. त्याला दिली तर सुकडी कोण खाईल हे सांगायला ज्योतिषी नको. बायडाबाईला देऊ का विचारलं तर साहेब म्हणाले, तिला सही येत नाही.

संध्याकाळी बांधावर बसून लांबवर एसटीचा धुरळा बघितला. आत्तापर्यंत कुठल्याही गावातून निघताना मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. शिर्डीत हार विकले, वैजापुरात पानाची टपरी चालवली. उठलो की निघालो. आता कमरेला एवढंसं लोखंड आहे.

३ मार्च
पालवे साहेब आले होते. केंद्राला समितीनं पैसा दिलाय तो मार्चअखेरपर्यंतच. पुढचा जिल्हा परिषदेकडून सुटायचा, आणि तो सुटायच्या आधी अध्यक्ष स्वतः येऊन बघणार, पोरांवर काही फरक पडला का ते.
"फरक दिसला पाहिजे," साहेब म्हणाले. "कागदावर नाही, डोळ्यांना. एक तरी गुटगुटीत पोर मांडीवर दिलं पाहिजे त्यांच्या. नाहीतर केंद्र बंद, आणि ही सगळी पोरं परत आंबिलीवर."
मी गहिनीला आणून दाखवलं. साहेबांचा चेहरा असा खुलला.
"हे आपल्या केंद्राचं?"
"नाव कापलंय, साहेब. जास्त भरलं म्हणून."
"परत लाव. नाव लाव फक्त. सुकडी आहे ती बारीक पोरांना पुरत नाही, याला कशाला? आहे तसा राहू दे."
मला शाबासकी मिळाली. कुणीतरी शाबास म्हणून किती वर्षं झाली असतील.

७ मार्च
आज वाटप चालू असताना गहिनी रांगेच्या कडेला बसला होता. मागत नव्हता. मागितलं असतं तर हाकलता आलं असतं. बारकी पोरं खातात आणि हा बघतो, तेही पुरतं बघत नाही. नाव आहे आणि खाणं नाही, हे बघून मला कसंतरी झालं. वाटप संपल्यावर दुधात कालवून त्याला चाटवली. पहिल्यांदा तोंड मिटूनच बसला, मग थोडी घेतली. रोज द्यायची असं ठरवलं. माझ्या वाट्याची म्हणून देतो, म्हणजे चोरी नाही.

१७ मार्च
घात झाला. गहिनी घटला. नुसता घटला नाही, उतरलाच. गाल गेले, पाय काड्यांसारखे झाले, चामडी लोंबते. काटा रेघेच्या इतका खाली की मी दगड काढून परत घातला, तरी तेच.

दहा दिवस मी त्याला चारतोय आणि पोर वाळत चाललंय. सुकडी त्याला बाधली, दुसरं काय. काहींना शेंगदाणा सोसत नाही, माझ्या मामालाही सोसत नसे. पालवे साहेब बघून पांढरे पडले. "काय केलंस तू? अध्यक्ष येणारेत, आणि तू एकुलतं एक पोर वाळवलंस?" मी सगळं सांगितलं. म्हणाले, बंद. आजपासून बोटभरसुद्धा नाही.

बायडाबाई मधेच म्हणाली, "आता कुटं लेकरू मानसात आलंय. काल माजी कांकनं वढली त्यानं."
साहेब म्हणाले, "आजी, काटा खोटं बोलतो का?"
"दगूड माजा हुता," ती म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

सुकडी बंद केली. माझ्या हातानं पोराचं वाईट व्हायला नको.

२३ मार्च
आज रंगपंचमी, मढीची जत्रा. कानिफनाथाच्या डोंगरावर माणूस मावत नव्हता, आणि खाली गाढवांचा बाजार. गाढव घेताना लोक दात बघतात, कान बघतात, शेपूट धरून मागे ओढतात. एक म्हातारा तर गाढवाच्या कानात काहीतरी विचारत होता. अर्धा दिवस मी तेच बघत बसलो. रेवड्या खाल्ल्या. एक तंबूवाला भेटला, येतोस का म्हणाला, इथून बीड, तिथून पंढरपूर. चल म्हटलं. त्याच्या गाडीत चढून बसलोही. बसताना किल्ली पोटाला टोचली.

सकाळी वाटप न करताच निघालो होतो. दुपारी परत जाऊ म्हणून.

उतरलो. चालत परत. पोचेपर्यंत अंधार. बरीच पोरं गेली होती, काही बाया कुलपासमोर बसल्या होत्या. कुणी शिवी दिली नाही. त्यांतली छबूबाई नुसती म्हणाली, "आलं का सायेब." तिची लेक तिच्या मांडीवर झोपली होती. आसारामनं म्हणे कुलूप तोडू दिलं नव्हतं. सरकारी कुलूप आहे, हात लावाल तर हजेरी कापीन.
खोली उघडून जे होतं ते वाटलं. तंबूवाला आता बीडच्या वाटेला असेल.

३१ मार्च
गहिनी परत भरला. गाल आले, पाय आले. म्हणजे माझं खरं होतं, सुकडीच बाधत होती. साहेब खूश. अध्यक्ष तीन तारखेला येणार. मांडवाला बांबू आले. आसारामच्या वहिनीनं गहिनीसाठी झबलं पाठवलं, ते पाठीवर बसेना म्हणून मागून उसवलं.

झबलं घालताना बघितलं, मांडीची कातडी सुटतेय, जुन्या भिंतीच्या रंगासारखी. राहीबाईला म्हटलं उन्हाचं असेल. ती म्हणाली, सावलीतच असतो वो.
छबूबाईची लेकही आज रेघेच्या वर गेली. नाव कापलं. छबूबाई म्हणाली, "बरं झालं, माजी बी गुटगुटीत झाली."

२ एप्रिल
दिवस कलायच्या वेळेला राहीबाई खोलीवर आली. गहिनी कडेवर, तान्ही पाठीशी बांधलेली. "भाऊ, ह्यो डोळं उघडत न्हाई. सकाळधरनं मुतला न्हाई." त्याचं तोंड इतकं फुगलं होतं की पापण्यांच्या नुसत्या रेघा. मी हात लावला. गार.

साहेब मांडवातच होते. म्हणाले, "उद्या दुपारपर्यंतच. अध्यक्ष एकदा बघून गेले की मी स्वतः जीपमधून नगरला पाठवतो. झोपलेला दिसला तरी चालेल, पोर झोपतंच."
राहीबाई पदर दातात धरून उभी.
साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "छगन, तू शहाणा आहेस. एका पोरासाठी बाकीच्यांचं खाणं बंद करायचं का? तू सांग."
साहेब वाईट माणूस नाही. पैसा सुटला नाही तर सगळी पोरं उपाशी. पैसा सुटायचा तर हा असाच फुगलेला पाहिजे. दाखवला तर हा जातो, नाही दाखवला तर ते जातात. इतके दिवस मला वाटत होतं मीच एकटा इथे अडकलोय.

बाहेर आलो तर राहीबाई टँकरवाल्या कारभारीशी बोलत होती. तो पहाटे नगरला पाणी भरायला जातो. मला म्हणाली, "तिथं कागुद वाचाया लागत्यात. तुमी येता का?"
एवढंच विचारलं. मी व्हय म्हटलं, कधी म्हटलं कळलंच नाही.

३ एप्रिल
नगर. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहितोय. टँकरमध्ये पुढे आम्ही दोघं, दोन पोरं आणि कारभारी. तो प्रत्येक खड्ड्याच्या आधी गाडी हळू करत होता.

डॉक्टर तरुण आहेत. मी सांगितलं, पोर गुटगुटीत होतं, आता जरा जास्त झालं. त्यांनी गहिनीच्या पावलावर अंगठा दाबला. खळी पडली आणि राहिली. मी म्हटलं, असं ते पहिल्यापासून होतं.
"पहिल्यापासून म्हणजे?"
"फेब्रुवारीपासून."
त्यांनी दुसऱ्या पायावरही दाबून बघितलं. "हा लठ्ठ नाही. ही सूज आहे. खायला मिळालं नाही म्हणून अंगात पाणी भरलंय."
मी म्हटलं, तसं नाही, दहा दिवस सुकडी दिली तर उलट वजन घटलं.
"घटणारच. पाणी उतरत होतं. पोर बरं होत होतं ते. मग बंद का केलीत?"

राहीबाईला त्यांचं बोलणं अर्धंच कळलं असेल. तिनं मला विचारलं, काय म्हणत्यात? मी म्हटलं, दाखल करून घेतात.
दवाखान्याच्या काट्यावर पोर ठेवताना तिनं कनवटीतून खडीचा तुकडा काढून पारड्यात टाकला. नर्स ओरडली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या.

पाणी प्यायला वाकलो आणि किल्ली पोटाला लागली.

४ एप्रिल
पाडवा. लोकांच्या दारात गुढ्या. चिंचखोरीत सगळं खाणं कुलपाआड आणि किल्ली इथे. कारभारीचा टँकर दुसऱ्या कामावर लावलाय. राहीबाई म्हणते, तुमी जावा. आणि नर्सनं कागद आणला की माझ्याकडे बघते. थांबलो तर तिकडची पोरं, गेलो तर इकडचं. अध्यक्ष काल आले असतील, रिकामा मांडव बघून गेले असतील. सगळं बंद झालं असेल.

संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकू आली. स्टेशन जवळच आहे. बघून आलो. मनमाडकडची गाडी उभी होती. नुसती बघून आलो.

८ एप्रिल
गहिनीचं वजन घटलं, आणि डॉक्टर हसले. तोंड इतकंसं झालंय, माकडाच्या पिल्लासारखं. दूध देताना वाटी हलवली म्हणून आज तो रडला. असा रडला की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, आवरा ते कार्टं. राहीबाईनं आवरलं नाही. मांडीवर घेऊन ऐकत बसली. मग म्हणाली, "ह्याचा आवाज बापावानी हाय. मला ठावंच नव्हतं."
उद्या मी जातो म्हटलं. ती म्हणाली, कागुद आता मी दुसऱ्याकडनं वाचून घिईन.

९ एप्रिल
एसटीनं पाथर्डी, मग पायी. काय तोंड दाखवायचं याचाच विचार. लांबूनच खोलीचं दार उघडं दिसलं. बायडाबाई उंबऱ्यात बसून सुकडी वाटत होती. कुलपाचा कोयंडा उपटून भिंतीला लोंबत होता.
"कधी तोडलं?"
"तू गेलास त्याच दिशी. खडीचा घण हाय की, येका दनक्याचं काम."
"आसाराम?"
"तो मांडवात फुलं लावीत हुता."
मी किल्ली चाचपली. आपल्यावाचून पोरं मरतील म्हणून मी नगरात आठवडाभर धड झोपलो नव्हतो.

पालवे साहेब सायकलीवर आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते म्हणाले, "पोर कसं आहे?" म्हटलं, बारीक झालं. त्यांनी सायकलची घंटी अंगठ्यानं पुसली. मग म्हणाले, "पैसा सुटला. पावसाळ्यापर्यंत."
अध्यक्षांच्या मांडीवर ऐनवेळी आसारामचा भाचा दिला. गावातला, म्हशीच्या दुधावरचा. त्याला सुकडी काय ते माहीत नाही. अध्यक्षांनी गाल ओढला, फोटो निघाला, म्हणाले पुढच्या खेपेला सगळी पोरं अशीच दिसली पाहिजेत.
"तेव्हा आता वजनाकडे नीट बघ," साहेब म्हणाले. नवं कुलूप आणलं होतं. किल्ली माझ्यापुढे धरली.
"मी निघालोय, साहेब. वळकटी घ्यायला आलो फक्त."

वळकटी घेतली. बाहेर बाभळीखाली पोरं बसली होती. छबूबाईची लेक बाजूला एकटीच, शहाण्यासारखी. गाल भरलेले. बाकीची पोरं पंज्याला चिकटलेली सुकडी चाटत होती, ती बघत होती. छबूबाई माती टाकून येत होती, मला बघून लांबूनच म्हणाली, "बघा, काय भरलीया."

मी खाली बसलो. पोरीचा पाय हातात घेतला, पावलावर अंगठा दाबला, उचलला. वाट बघितली. साहेबही वाकून बघत होते, त्यांना काय बघायचं ते कळलं नव्हतं. खळी तशीच होती.

बायडाबाईला म्हटलं, हिला पहिली घाल, रोज घाल, काट्याचं नंतर बघू.
साहेबांचा हात अजून पुढेच होता. मी सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडली, जुनी किल्ली काढली आणि नवी ओवली.